पट्टा तुटण्याआधी

आरागिरणीचे पाते म्हणजे दोन चाकांवर ताणून बसवलेला, टोके जोडून अखंड केलेला पोलादी पट्टा. त्याच्या एका कडेला दात असतात. कारागीर त्याला पट्टा, पाते किंवा नुसते ब्लेड म्हणतात, आणि यंत्राला बँड सॉ. खालचे चाक मोटरीवर फिरते, वरचे पट्ट्याच्या ओढीने. पट्ट्याची खाली येणारी बाजू लाकूड कापते, दुसरी रिकामी वर जाते. गोल करवतीपेक्षा हा पट्टा खूप पातळ असल्यामुळे भुसा कमी पडतो आणि त्याच ओंडक्यातून फळ्या जास्त निघतात. हा फायदा पातळपणातून येतो आणि पट्टा तुटण्याचे दुखणेही त्यातूनच येते.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत हे यंत्र दोन आकारांत दिसते. पहिली वनखात्याच्या परवान्यावर चालणारी सॉ मिल. तिथे ३६ किंवा ४२ इंची बिडाची चाके, खालचे चाक खड्ड्यात आणि ओंडका पुढे-मागे नेणारी ट्रॉली असते. दुसरे सुताराच्या कारखान्यातले छोटे यंत्र, ज्यावर चौकटी, दारे, पलंग यांचे वळणदार भाग कापले जातात. नारायणगाव, आळेफाटा, मंचर, घोडेगाव, ओतूर अशा बाजारगावांच्या पंचक्रोशीतून लाकूड येते ते मुख्यतः शेताच्या बांधावरचे: बाभूळ, कडुनिंब, आंबा, निलगिरी, सुबाभूळ. पाडलेल्या जुन्या वाड्यांच्या सागवानी तुळया आणि वासे पुन्हा चिरायला येतात. चाकणच्या कारखान्यांकडून निघणारे पॅकिंगचे लाकूडही फार लांब नसते. यांतले कोणते लाकूड पट्ट्याला किती महाग पडते, ते पुढे येईल.

पट्टा तुटणे ही या यंत्राची जन्मापासूनची अडचण आहे. लंडनच्या विल्यम न्यूबेरी याने १८०८ मध्ये त्याचे पेटंट मागितले, पण सतत वाकण्याला टिकेल असे पोलाद आणि ते जोडण्याची रीत त्या काळी नव्हती. पट्टे तुटत राहिले आणि यंत्र कागदावरच राहिले. १८४६ मध्ये ॲन पोलीन क्रेपँ या फ्रेंच बाईंनी टोके जोडण्याची पद्धत शोधली आणि पॅरिसच्या पेरँ कंपनीने तिचे हक्क घेतले. सुमारे चाळीस वर्षे यंत्र अडून राहिले होते ते मुख्यतः सांध्यापायी.

पट्टा का तुटतो हे समजायला थोडे गणित लागते. चाकाचा व्यास ३६ इंच, फेरे मिनिटाला ७०० धरले, तर पट्टा मिनिटाला सुमारे २,००० मीटर धावतो, म्हणजे ताशी १२० किलोमीटर. पट्ट्याची लांबी बावीस फूट असेल तर मिनिटाला त्याच्या तीनशे फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत तो वरच्या चाकावर एकदा वाकतो, सरळ होतो, खालच्या चाकावर पुन्हा वाकतो, पुन्हा सरळ होतो. मिनिटाला सहाशे, तासाला छत्तीस हजार, आणि सहा तासांच्या कामात दोन लाखांहून अधिक वेळा तेच पोलाद वाकते. तार हाताने पुढे-मागे वाकवून तोडतात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे वाकणे बेताचे असते आणि मोजदाद लाखांत जाते. धातूच्या या थकव्याला जोर लावावा लागत नाही, पुरेसा वेळ मिळाला की तो आपले काम करतो.

वाकताना किती ताण पडतो हे पट्ट्याची जाडी आणि चाकाचा व्यास यांच्या प्रमाणावर ठरते. जाडी व्यासाच्या हजाराव्या भागाहून जास्त नसावी, असा जुना ठोकताळा आहे. ३६ इंची चाकाला सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीचा पट्टा त्यात बसतो आणि नुसत्या वाकण्याने त्याच्या पृष्ठभागावर दर चौरस मिलिमीटरला सुमारे २१ किलोचा ताण येतो. हाच पट्टा सुताराच्या १४ इंची चाकावर चढवला तर तो ताण ५४ किलोवर जातो. पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून पट्टा आणताना रुंदी आणि दात यांची चौकशी होते, जाडीची फारशी होत नाही. जाड पट्टा मजबूत, असे सरळ वाटते. लहान चाकावर तोच आधी तुटतो.

तडा बहुधा दोन दातांमधल्या खाचेच्या तळाशी सुरू होतो. तिथे पट्ट्याची रुंदी सर्वांत कमी असते आणि खाच टोकदार असेल तर सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो. म्हणून खाचेचा तळ गोलसर ठेवावा लागतो. तिकोनी कानशीने घाईघाईत दात काढले की तळाला धारदार रेघ राहते, आणि तडा त्या रेघेवरूनच चालू लागतो. एमरीच्या चाकावर धार लावताना जोर दिला तर दाताच्या मुळाशी निळी झाक येते. तेवढ्या जागेतले पोलाद तापून पुन्हा एकदम थंड झाले, त्याचे पाणी बिघडले, ते ठिसूळ झाले, एवढे त्या निळ्या रंगावरून कळते. असा भाग पुन्हा हलक्या हाताने घासून काढल्याशिवाय पट्टा चढवू नये. धार लावणारा माणूस कोपऱ्यात बसलेला असतो आणि ट्रॉलीवरच्या माणसाला त्याच्यापेक्षा जास्त मान मिळतो. पट्ट्याचे आयुष्य मात्र त्या कोपऱ्यातच ठरते.

बोथट दात हे दुसरे कारण. दात बोथट झाले की लाकूड कापले जात नाही, रेटले जाते. चालवणारा ओंडका जास्त ढकलतो, पट्टा मागे दबतो आणि त्याची पाठ, पट्ट्याला कापाजवळ सरळ धरणाऱ्या गाइडच्या मागच्या बेअरिंगवर घासू लागते. घासून पाठ कडक आणि चकचकीत होते व तिथून बारीक तडे निघतात. दात डावीकडे-उजवीकडे पुरेसे वळवलेले नसतील तर कापाची फट अरुंद राहते, पट्टा त्यात घासून तापतो. ओल्या कडुनिंबाचा आणि आंब्याचा भुसा डिंकासकट चाकांवर बसतो, त्याचे थर चढतात आणि पट्टा प्रत्येक फेरीला त्या उंचवट्यांवरून उड्या मारतो. काम चालू असताना दोन-चार तासांनी पट्टा उतरवून दुसरा चढवणे, ही चांगल्या गिरणीची ओळख आहे.

सांधा ही तर स्वतंत्र कला. दोन्ही टोके कानशीने उतरती करून एकमेकांवर बसवायची, मध्ये टाकणखार आणि चांदीच्या झाळीची पट्टी घालायची, तापवून दाबायचे, मग सावकाश थंड होऊ द्यायचे. सांधा उरलेल्या पट्ट्याइतकाच जाड घासावा लागतो. केसभर जाड राहिला तरी तो मिनिटाला तीनशे वेळा गाइडला ठोकतो.

संध्याकाळी ताण सैल न करता घरी जाणे हे सर्वांत स्वस्तात टाळता येण्याजोगे कारण. दिवसभर तापलेला पट्टा लांबलेला असतो आणि चालवणाऱ्याने त्याप्रमाणे चाक वर चढवून ताण दिलेला असतो. बावीस फुटी पट्टा तीस अंशांनी थंड झाला तर दोन मिलिमीटरहून जास्त आखडतो. जुन्नरची हिवाळी रात्र ते काम नेमाने करते. सकाळी यंत्र सुरू केल्याबरोबर पट्टा तुटला तर दोष सकाळचा नसतो.

आता लाकडाच्या पोटातल्या लोखंडाविषयी. या भागात ते भरपूर सापडते, कारण बांधावरचे आणि रस्त्याकडेचे झाड हे शेतकऱ्याला आयता खांब असते. त्याला काटेरी तार ठोकली जाते, बैलाची साखळी अडकवायला कडी मारली जाते, दुकानाची पाटी नाहीतर निवडणुकीचा फलक लटकतो. खोड दरवर्षी बाहेरून नवा थर चढवते आणि काही वर्षांत खिळा पूर्ण गिळते. साल पाहून काही कळत नाही. पण झाड उंच वाढते ते शेंड्याकडून. खोडात ठोकलेला खिळा जमिनीपासून ज्या उंचीवर ठोकला त्याच उंचीवर राहतो. माणसाच्या हाताला पोचणारा बुंध्याकडचा पाच-सहा फुटांचा तुकडा म्हणून सर्वांत संशयास्पद, आणि जाडीमुळे नेमका तोच सर्वांत किमती.

खिळ्याचा पत्ता देणारी एक खूण लाकूडच दाखवते. बाभळीसारख्या टॅनिन भरपूर असलेल्या लाकडात लोखंड गंजले की आसपासचा भाग निळसर काळा पडतो आणि हा डाग रेषांच्या दिशेने लांब पसरतो. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर असा डाग दिसला तर आत लोखंड आहे असे धरून चालावे. पूर्वी हिरडा आणि हिराकस एकत्र करून लिहिण्याची काळी शाई बनवत, तिच्यात हीच रासायनिक क्रिया घडते. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात हिरडा वेचून विकणाऱ्या आदिवासी कुटुंबांना ती शिकवावी लागत नाही, लोखंडी विळ्यावर पडणारा काळा डाग त्यांच्या रोजच्या ओळखीचा. वाड्याच्या जुन्या तुळईत खिळे असतातच, तेव्हा तिथे शंका घेण्यापेक्षा सगळ्या बाजू तपासून खिळे उपटणे बरे. हातात धरायचे धातुशोधक यंत्र मिळते. ज्या गिरणीत वाड्यांचे लाकूड नियमित येते तिथे ते नसणे हा हिशेबाचा कच्चेपणा आहे. चिखलातून ओढत आणलेल्या ओंडक्याच्या सालीत अडकलेली वाळू पट्टा तोडत नाही, पण दात काही मिनिटांत बोथट करते आणि पुढचा सगळा क्रम सुरू होतो. कुऱ्हाडीने साल उतरवली की तो टळतो.

चालवणाऱ्याच्या हातून होणाऱ्या चुकांत सर्वांत धोक्याची एकच: चालू पट्ट्यातून ओंडका मागे ओढणे. निलगिरीसारख्या लाकडात आतून ताण असतो. अर्धे कापले की फट मिटते आणि पट्ट्याला चिमटा बसतो. अशा वेळी घाबरून ट्रॉली मागे घेतली तर पट्टा चाकांवरून पुढे निसटतो. यंत्र बंद करून, चाके पूर्ण थांबल्यावर फटीत पाचर मारायची आणि मग ओंडका सोडवायचा, ही रीत आहे. लांब ओंडक्याला पाचर आधीपासूनच हाताशी असावी.

तुटायच्या आधी पट्टा बहुधा सूचना देतो. तडा गेलेली जागा गाइडमधून जाताना टिक असा आवाज येतो, प्रत्येक फेरीला एक, ठरावीक लयीत. फळीवर लाटा उमटतात, काप रेघ सोडून भटकतो, पट्टा चाकावर पुढे-मागे सरकू लागतो. आवाज बदलला की जुना मिस्त्री बोलता बोलता थांबतो आणि स्विचकडे जातो. नवा हेल्पर तो ओंडका संपवायच्या मागे असतो. थांबवून पट्टा हाताने सावकाश फिरवत खाचा न्याहाळल्या तर केसासारखी रेघ दिसते. ती दिसलेला पट्टा पुन्हा चढवायचा नाही. तडा पुढे जाऊ नये म्हणून त्याच्या टोकाला भोक मारण्याची युक्ती काही ठिकाणी चालते. रुंद पट्ट्याला ती थोडा काळ तारते, अरुंद पट्ट्यावर ती जुगार आहे.

तुटलेला तुकडाही वाचता येतो. तुटलेल्या तोंडाचा काही भाग गुळगुळीत आणि काळपट असेल तर तडा बरेच दिवस वाढत होता. उरलेला चमकदार, दाणेदार भाग शेवटच्या क्षणी तुटलेला. तडा दातांच्या खाचेकडून आला तर धार, ताण किंवा बोथटपणा तपासावा. पाठीकडून आला तर मागचे बेअरिंग आणि रेटा. नेमक्या सांध्यावर तुटला तर झाळ नीट भिनली नव्हती, सांध्याच्या शेजारी तुटला तर तापवताना पोलाद बिघडले. तुटलेले पट्टे लगेच भंगारात न टाकता आठवडाभर भिंतीवर टांगून पाहिले तर यंत्राचा आजार कळतो.

पट्टा तुटतो तो क्षण फटाक्यासारखा असतो. ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणारे दातेरी पोलाद मोकळे सुटते. त्याचा काही भाग टेबलात किंवा खड्ड्यात वेटोळे होऊन अडकतो, काही बाहेर झेपावतो. तो कुठे जाईल हे सांगता येत नाही, म्हणून चाकांवर आवरण असावे लागते आणि चाकांच्या रेषेत बघ्यांनी, ओंडका घेऊन आलेल्या शेतकऱ्याने किंवा भुसा न्यायला आलेल्या बाईने उभे राहायचे नसते. तुटल्यावर पहिले काम मागे सरणे, दुसरे स्विच बंद करणे. पट्टा गेला तरी बिडाची जड चाके बराच वेळ फिरत राहतात. झाकण उघडायचे ते चाके थांबल्यावर. लाकूड दाबून चाक थांबवणे हा शहाणपणा नव्हे.

असे असले तरी या यंत्रावर बोटे जातात ती प्रामुख्याने धडधाकट पट्ट्यामुळे. तुटलेला पट्टा आवाज करतो, भीती घालतो, महिनाभर गप्पांना पुरतो. चालता पट्टा निमूट असतो, आणि तो इतक्या वेगात असतो की दात दिसेनासे होऊन नुसती चकाकणारी रेघ उरते. फळीचा शेवटचा वीतभर भाग ढकलताना अंगठा पुढे जातो. तिथे ढकलायची काठी वापरावी. वरचा गाइड लाकडापासून अर्ध्या इंचावर न आणता वर तसाच ठेवलेला असतो आणि मध्ये हातभर पट्टा उघडा राहतो. टेबलावरचा भुसा हाताने झाडला जातो. खड्ड्यातला भुसा यंत्र चालू असताना उपसला जातो, आणि त्या कामात पदर, उपरणे, सैल बाही चाकात जाते. चालू यंत्रावर हातमोजे घालणे सुरक्षित वाटते, पण दात मोज्याला पकडून हात आत ओढतात. मोजे हवेत ते पट्टा उतरवताना आणि गुंडाळताना. तीन वेटोळ्यांत बांधलेला पट्टा सुटला की स्प्रिंगसारखा तोंडावर उघडतो.

विजेची एक स्थानिक सवय इथे खास घातक ठरते. रात्री-अपरात्री वीज आली की पंप आपोआप चालू व्हावा म्हणून विहिरीवर ऑटो स्विच बसवतात. तोच स्टार्टर गिरणीच्या मोटरीला बसवला तर वीज गेल्यावर पट्टा साफ करायला वाकलेल्या माणसाच्या हाताखाली यंत्र सुरू होते. आरायंत्राचा स्टार्टर वीज जाताच सुटणारा आणि माणसाने दाबल्याशिवाय न लागणारा हवा.

आवरणांविषयी कायदा अस्पष्ट नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ खालच्या महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ यांत लाकूडकामाच्या यंत्रांसाठी स्वतंत्र तरतुदी आल्या. बँड सॉच्या खालच्या चाकाला दोन्ही बाजूंनी आवरण, वरच्या चाकाला समोरून पत्रा किंवा जाळी, आणि टेबल ते वरचा गाइड एवढा भाग सोडून बाकी पट्टा झाकलेला. भोवतालची जमीन सपाट आणि मोकळी, यंत्रावरचा माणूस शिकवलेला. अडचण लागू होण्याची आहे. मूळ अधिनियमात विजेवर चालणारी जागा दहा कामगारांपासून कारखाना ठरे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने तो आकडा वीस केला. चार-सहा माणसांची गिरणी बहुधा दोन्हींतून निसटते.

उलट वनखात्याची नजर मात्र पक्की आहे. सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीविषयीच्या गोदावर्मन खटल्यात ४ मार्च १९९७ रोजी विनापरवाना आरागिरण्यांवर बडगा उगारला आणि २००२ मध्ये केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या मंजुरीशिवाय नव्या गिरण्या उघडायला मनाई केली. परवाना, लाकडाची आवक-जावक, वाहतूक पास यांची नोंदवही जुन्नर वनविभागाला दाखवावी लागते. जंगलासाठी हे योग्यच झाले. पण परवाना दुर्मीळ झाला की जुने यंत्रच पिढ्यान्‌पिढ्या चालवले जाते, आणि ओंडके मोजायला येणाऱ्या अधिकाऱ्याच्या तपासणीत चाकावरची जाळी येत नाही. परवान्याच्या नूतनीकरणाबरोबर आवरण आणि स्टार्टर पाहण्याची अट घालणे अवघड नाही. ती असायला हवी.

खंडेनवमीला यंत्र बंद असते, धुऊन-पुसून त्याला झेंडूची माळ चढते. त्या दिवशी झाकणे उघडतात, चाकांवरचा डिंक खरवडला जातो, बेअरिंगला ग्रीस मिळते. वर्षातून एकदा होणारे हे काम दर आठवड्याला करायचे आहे. पूजा वर्षातून एकदा पुरे.

बोट तुटलेच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात छातीच्या वर धरावा. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे, पिशवीचे तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फ टाकलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवले की पेशी मरतात आणि ते जोडता येत नाही. हळद किंवा चहापूड भरू नये. १०८ ला फोन करताना बोट तुटले आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावे. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात रक्तस्राव थांबवून रुग्णाला पुढे पाठवतात. बोट जोडण्याची सूक्ष्म शस्त्रक्रिया मोठ्या शहरातच होते आणि पुणे-नाशिक महामार्गाच्या कोंडीत जाणारा वेळ बोट जोडण्यासाठी हाताशी असलेल्या मोजक्या वेळेतूनच वजा होतो.

भरपाईचा हिशेब १९२३ च्या कायद्याने ठरवून ठेवला आणि आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. कमाईची क्षमता किती गेली याची टक्केवारी त्यात दिली आहे: अंगठा ३०, पूर्ण तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७, एका हाताची चारही बोटे ५०. १९२३ च्या कायद्यात विजेवर माल तयार करणाऱ्या जागेला कामगारसंख्येची अट नव्हती, त्यामुळे छोटी गिरणीही त्याच्या कक्षेत येत असे. मात्र आपण तिथे कामाला होतो हे कामगाराला दाखवता आले पाहिजे. सॉ मिलवर काम करणाऱ्या प्रत्येकाने आपले नाव आणि मजुरी हजेरीपुस्तकात लिहिलेली आहे का, हे या आठवड्यात स्वतः वाचून घ्यावे. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाला सोबत न्यावे.